अळी शहाणी होत नाही
(द्वितीय वर्ष, कला)

"आता अळीसुद्धा शहाणी झाली," असे आमच्याकडे पारावर सर्रास ऐकू येते. मला हे पटत नाही. औषधाने मरणाऱ्या अळ्या मरतात. जन्मतःच तग धरणाऱ्या दोन-चार उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. हिशेब एवढा साधा आहे. पण तो न उमगल्याने कापूस पिकवणाऱ्या घरांचे फार नुकसान झाले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

झाड आणि कीटक यांचे वैर शेतीहून कितीतरी जुने आहे. कपाशीचेच पाहा. तिच्या पानांवर व सरकीत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे विष असते. पानांवरची दाट लव तुडतुड्यांना जाचते. पानामागचा गोड रस मुंग्यांना बोलावतो. अळीने पान कुरतडले की झाड एक गंध सोडते आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्या वासावर येतात. उलट बोंडअळ्यांनीही गॉसिपॉल पचवण्याची ताकद कमावली. कोणी जिंकले नाही, कोणी संपलेही नाही. झाडाने एकाच शस्त्रावर भिस्त ठेवली नाही, हेच त्याचे बळ!

माणसाने नेमके उलटे केले. २००२ साली जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेली बीटी कपाशी आपल्या देशात आली; २००६ साली दोन जनुकांची आली. सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते. शिवारभर एकच विष पेरल्यावर वंश कोणाचा वाढणार? २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने याच कपाशीची बोंडे पोखरली.

यावर तोड माहीत नव्हती असे नाही. बियाण्याबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट येई. ते बांधाकडेने पेरायचे. त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग तग धरलेल्या पतंगांशी जुळतात आणि त्यांची बहुतेक संतती बीटीवर पुन्हा मरते. पुष्कळांनी ते पाकीट पेरलेच नाही. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण तीन एकर कोरडवाहूच्या धन्याने अळीसाठी तास का सोडावेत, हे त्याला कोणी बसून सांगितले? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. छापील सूचना आणि समजूत यांतले अंतर मला ठाऊक आहे.

अमेरिकेने बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडले, पिकाचे अवशेष वेळेवर नष्ट केले आणि २०१८ मध्ये आपला कापूसपट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. आपल्यालाही फरदड टाळणे, पऱ्हाट्या वेळेवर उपटणे, कामगंध सापळे लावणे हे सारे एकत्र करावे लागेल. मात्र फरदडीच्या चार पैशांवर ज्याचे घर चालते, त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. सरकारने त्याच्या पदरी काही घातले पाहिजे.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. पुढच्या शिबिरात पारावर बसून हा हिशेबही सांगू या. त्यासाठी विज्ञान शाखेचाच विद्यार्थी असावा लागतो, असे मुळीच नाही.