गावचे अग्निशमन पथक : धाडसापूर्वी शिक्षण

कडब्याच्या गंज्या रचून झाल्या आणि ऊस तोडणीस आला की गावोगाव आगीचे दिवस सुरू होतात. विजेच्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींस लागाव्यात, बांधावर पेटविलेल्या पालापाचोळ्याची ठिणगी उडावी किंवा कोणी न विझविता विडी टाकावी, एवढे निमित्त पुरते. तालुक्याच्या गावाहून नगरपालिकेचा बंब येईतो बहुधा सारे आटोपलेले असते. तोपर्यंत आगीशी झुंजतात ती गावचीच माणसे. कोणी विहिरीवरील पंप सुरू करतो, कोणी ओली पोती घेऊन धावतो, कोणी गोठ्यातील जनावरांची दावी कापतो. म्हणजे स्वयंसेवकांचे अग्निशमन पथक प्रत्येक गावी आजही आहे. मात्र त्यास नाव नाही आणि शिक्षणही नाही.

ह्या पथकास शिक्षण द्यावे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो शिक्षणाचा आरंभ कोठून करावयाचा, हा. सामान्यतः लाल बादल्या टांगल्या, विझवणयंत्र भिंतीवर बसविले आणि एक दिवस पाणी मारण्याचे प्रात्यक्षिक झाले की काम पुरे झाले असे समजण्यात येते. वास्तविक पहिला धडा उलटा असावयास हवा. पाणी कोठे मारू नये आणि आगीजवळ केव्हा जाऊ नये, हे आधी शिकविले पाहिजे.

ह्याचे कारण असे की गावात साठविल्या जाणाऱ्या वस्तू आता पालटल्या आहेत. पूर्वी जळत असे ते गवत, लाकूड आणि कापूस. आज त्याच आळीत कृषी सेवा केंद्राचे गोदाम असते. त्यात खतांची पोती, गंधक व कीटकनाशकांचे डबे असतात आणि भिंतीपलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गॅसची टाकी असते. ज्या धाडसाने गंजी वाचते, त्याच धाडसाने येथे माणूस दगावतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेस्ट नावाचे एक लहान शेतीप्रधान गाव आहे. 17 एप्रिल 2013 रोजी संध्याकाळी तेथील खतांच्या गोदामास आग लागली. गावच्या स्वयंसेवक पथकातील माणसे आपापली कामे टाकून धावली. आगीची वर्दी मिळाल्यापासून सुमारे 20 मिनिटांत गोदामातील अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. मृत्यू पावलेल्या 15 जणांपैकी 12 जण मदतीस धावलेले होते आणि त्यांतील बहुतेक स्वयंसेवक अग्निशामक होते. त्यांच्यापाशी बंब होता, पोशाख होता, धैर्यही होते. आत काय आहे व ते तापल्यास काय करते, ह्याचे पुरेसे शिक्षण त्यांस मिळालेले नव्हते, असे पुढील चौकशीत दिसून आले.

परदेशातील उदाहरण म्हणून ते बाजूस सारण्याचे कारण नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजावरील कापसाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून पाणी मारून चटकन विझत नाही, हे वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याच जहाजात स्फोटक द्रव्येही भरलेली होती. आग विझविताना झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळण्यात येतो. पोटासाठी हेच काम करणाऱ्या तरबेज जवानांची जेथे ही गत झाली, तेथे बादली घेऊन धावणाऱ्या तरुणांचे काय, ह्याचा विचार त्या दिवशीच्या संचलनात क्वचितच होतो.

गावातील गोदामाचेच उदाहरण घ्यावे. साठविलेल्या धान्यातील कीड मारण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांस पाणी लागले की फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि तो स्वतःही पेट घेऊ शकतो. तेथे पाण्याचा फवारा म्हणजे संकटास आमंत्रण होय. गंधक जळताना निघणारा धूर श्वासनलिका होरपळवितो. काही प्रवाही कीटकनाशके ज्या द्रावकात मिसळलेली असतात तो द्रावकच ज्वालाग्राही असतो. तोंडास ओला पंचा बांधल्याने असे वायू अडत नाहीत. ही समजूत गावातून लवकर जाईल तितके बरे. जळत्या कीटकनाशकांवर मारलेले पाणी विष घेऊन वाहते, हीही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. 1986 साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळील रसायनांच्या गोदामास आग लागली, तेव्हा विझविण्याचे पाणी ऱ्हाईन नदीत गेले आणि दूरवरपर्यंत मासे मेले. आपल्याकडे ते पाणी ओढ्यात, नाहीतर पिण्याच्या विहिरीत जाईल. अशा आगीत पथकाचे खरे काम म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहणे, खालच्या अंगाची घरे रिकामी करणे, वीज बंद करविणे, 101 किंवा 112 क्रमांकावर आत काय आहे ते स्पष्ट सांगणे आणि ट्रॅक्टरने माती ओढून वाहते पाणी अडविणे. इमारत जळू द्यावी लागली तरी चालेल. हे ऐकावयास भित्रेपणाचे वाटते, म्हणूनच ते शिकवावे लागते.

डब्यावरील चिन्हे वाचणे हाही त्याच शिक्षणाचा भाग होय. कीटकनाशकाच्या वेष्टनावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा दाखवितो. लाल सर्वांत तीव्र, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. मात्र ही खूण विषाची आहे, ज्वलनशीलतेची नव्हे. हिरव्या खुणेचा डबा आगीत निरुपद्रवी राहील असे कोणी समजू नये.

आगीखेरीज आणखी एका ठिकाणी हीच चूक घडते. गोबरगॅसच्या खड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत उतरलेला माणूस कोसळतो, त्यास काढण्यास भाऊ उतरतो, त्यामागून शेजारी. तेथील हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो खरा. परंतु प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असा भ्रम होतो. दोर, बाहेर उभी माणसे आणि श्वसनाचे साधन ह्यांवाचून कोणीही उतरू नये, हा नियम पथकाने गावास पाठ करवावा.

हे शिकविणार कोण? राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरात आहे. परंतु गावोगावच्या तरुणांस तेथे पाठविणे शक्य नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवक तयार झाले, त्यांचा उपयोग अवश्य करावा. तथापि खते व औषधे ह्यांचा विषय कृषी खात्याचा आहे, आणि तो खात्याने दुसऱ्यावर सोपवू नये. जो कार्यकर्ता शेतकऱ्यास फवारणीचे प्रमाण सांगतो, त्यानेच पथकास गोदामाचे धोके सांगावेत. नगरपालिकेच्या अग्निशामकाने वर्षातून दोन दिवस द्यावेत : एक ऊसतोडणीपूर्वी, दुसरा होळीच्या आधी. गंजी आकड्यांनी कशी उकलावी, उसाच्या फडात आगीच्या तोंडाशी न जाता बगलेने पट्टा कसा तोडावा, हे फळ्यावर शिकवून येत नाही. द्राक्षबागांच्या भागात ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्राची टाकी पाण्यासाठी चांगली उपयोगी पडते. मात्र ती आधी स्वच्छ धुतलेली असावी.

राहता राहिली साठ्याची यादी. प्रत्येक विक्रेत्यास साठा नोंदवावा लागतोच. परंतु नोंदवही असते दुकानात, आणि दुकान पेटले की ती आतच राहते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिचा एक पानी उतारा, कोणता माल कोणत्या भिंतीशी आहे ह्याच्या खुणेसह, ग्रामपंचायतीत आणि पथकप्रमुखाच्या घरी पोहोचला पाहिजे. ह्यास पैसा लागत नाही. विक्रेते प्रथम कुरकुर करतील. गुण नियंत्रणाच्या तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच फेरीत हा उतारा पोहोचला की नाही, एवढे विचारावे.