पेल्यातला ओला ब्रश

मैत्रिणींनो, जून ते सप्टेंबर आपल्या रत्नागिरीत काही म्हणजे काही वाळत नाही. कपडे तीन-तीन दिवस दोरीवर, चपलांना बुरशी. मग न्हाणीघरातल्या पेल्यात एकमेकांना चिकटून उभे असलेले चार-पाच ब्रश तरी कसे वाळावेत?

जंतू तोंडात असतातच, ते ब्रशवरही येतात. धडधाकट माणूस सहसा त्याने आजारी पडत नाही, तेव्हा ब्रश उकळत बसू नका. तंतू मात्र वाकतील. पण सतत ओल्या ब्रशवर जंतू वाढतात. म्हणून वापरून झाला की नळाखाली चोळून धुवा, झटका, डोकं वर करून खिडकीजवळ मोकळ्या हवेत ठेवा. एकमेकांना लागता कामा नयेत. प्लॅस्टिकचं टोपण प्रवासापुरतंच बरं; रोज घातलं तर आत ओल कोंडते. आणि ब्रश ज्याचा त्याचा, अगदी नवरा-बायकोचासुद्धा!

तीन-चार महिन्यांनी, किंवा तंतू फिसकटले की त्याआधीच, ब्रश बदलायचा. मुलांचा बदलतो, ह्यांचा बदलतो. आपला? "चालतोय की अजून!"

तसंच हिरड्यांचं. थुंकीत रक्त दिसलं की "उष्णता झाली असेल" म्हणून आपण कोकमाचं सरबत पितो आणि ब्रश सोडून बोटाने दात घासतो. सरबत खुशाल प्या, पण ब्रश सोडू नका. रक्त येतं ते बहुधा दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचलेल्या किटणामुळे. तिथेच मऊ ब्रश किंचित तिरपा धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं सकाळी आणि रात्री फिरवायचा. कडक ब्रशने खसाखसा घासलं तर हिरड्या मागे सरतात.

मशेरीबद्दलही बोलायलाच हवं. ती दंतमंजन नव्हे, भाजलेली तंबाखू आहे. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाची भीती असते, आणि सवय सुटता सुटत नाही. घरात सासूबाई लावत असतील तर गोडीने सांगा, भांडून नको.

आठ-पंधरा दिवस नीट घासूनही रक्त थांबलं नाही, हिरडी सुजली किंवा दात हलायला लागला, तर दंतवैद्यांना दाखवा. साचून घट्ट झालेलं किटण ब्रशने निघत नाही, ते त्यांनाच काढावं लागतं. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, आणि मधुमेहात हिरड्यांचं दुखणं व रक्तातली साखर एकमेकांना वाढवतात. तेव्हा दिवस गेले असतील किंवा साखर असेल, तर खुर्चीत बसण्याआधीच त्यांना तसं सांगा.