डिशवॉशवरचा हलाल स्टिकर आणि भांडी घासणारे हात

भांडी घासायच्या लिक्विडच्या बाटलीवर हल्ली दोन शब्द हमखास असतात, ‘नॅचरल’ आणि ‘केमिकल-फ्री’. माल आपल्या वस्तीत विकायचा असेल तर तिसराही चिकटतो, ‘हलाल’. बाटलीत काय भरलंय, हे या तीनपैकी एकही शब्द सांगत नाही. घेणारा निर्धास्त होतो आणि विकणाऱ्याचं काम भागतं.

‘केमिकल-फ्री’ तर सरळ खोटं आहे. तेलकट ताटावरून पाणी घरंगळून जातं, कारण तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. एका टोकाने तेल आणि दुसऱ्या टोकाने पाणी धरणारा पदार्थ मध्ये लागतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो कारखान्यातून येवो की रिठ्यातून, रसायनच आहे. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलेल्या माणसाला ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ हे पटवून दाखवा. चुलीच्या राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या आज्यांच्या बोटांना भेगा का असायच्या? राखेतला पोटॅश हा चांगलाच तिखट अल्कली असतो, म्हणून. आणि ते व्हिनेगर व खायच्या सोड्याचे व्हिडिओ! दोन्ही एकत्र केले की फसफस होते, बघायला मजा येते, आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं.

आता हलालकडे येऊ. हा शब्द बाजूला सारण्यासारखा नाही. जनावराच्या चरबीपासून बनलेल्या वडीच्या साबणाबद्दल कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्यावर फिक्हमध्ये जुनी चर्चाही आहे. वस्तूचं मूळ रूपच बदललं तर तिचा हुकूम बदलतो, या इस्तिहालाच्या तत्त्वावर नापाक तेलाचा साबण पाक मानणारं मत हनफी ग्रंथांत शतकांपासून नोंदलेलं आहे. सगळे मजहब त्यावर एकमत नाहीत. पण मोहल्ल्यात विकलं जाणारं स्वस्त लिक्विड बहुतेक वेळा अॅसिड स्लरीपासून बनतं, आणि स्लरी पेट्रोलियमपासून. त्यात चरबीचा संबंधच येत नाही. जिथे शंकाच नव्हती तिथे शंका दूर केल्याचे पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. कुरआनात हलालच्या जोडीने तय्यब हा शब्द येतो, म्हणजे चांगलं, निर्मळ, अपाय न करणारं. तो आहाराच्या संदर्भात आहे हे मान्य. पण ज्याने ताट धुतलं त्याचा अंश त्याच ताटात राहतो. तय्यबचं स्टिकर कुणी छापत नाही, कारण त्यासाठी आधी बाटलीतला माल तपासावा लागेल.

हा माल बनतो कसा? एक दिवसाचं शिबिर असतं. पन्नास बायका, एक सर, एक प्लॅस्टिकचं पिंप. ‘हजार रुपये घाला, घरबसल्या धंदा करा.’ काकवीसारखी दाट, काळपट तपकिरी स्लरी पाण्यात ओततात. मग कॉस्टिक सोड्याचं पाणी, मग रंग, लिंबाचा वास आणि मीठ. संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात सर्टिफिकेट.

स्लरी हे तीव्र अॅसिड आहे. कॉस्टिक हा तितकाच तीव्र अल्कली. दोन्ही कातडी जाळतात, आणि कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कॉस्टिक पाण्यात विरघळताना पाणी तापतं, आणि पुढे स्लरीशी गाठ पडली की मिश्रण आणखी तापतं. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नसतं, पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक टाकायचं असतं. एवढं एक वाक्य तरी शिबिरात ठासून सांगायला हवं. चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे या तर पहिल्या गरजा. त्याऐवजी ओढणी नाकाला बांधून, मूल कडेवर घेऊन, स्वयंपाकघरात हे काम चालतं.

पुढची अडचण मापाची. नव्वद टक्क्यांची एक किलो स्लरी शमवायला ढोबळमानाने ११० ते १२० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतं. पण कॉस्टिकचे फ्लेक्स हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. डबा महिनाभर उघडा राहिला तर त्याच वजनात ताकद कमी भरते. शिवाय घरी माप वाटीने होतं. कमी पडलं तर लिक्विड आम्लारी राहतं आणि अॅल्युमिनियमच्या पातेल्याला खातं. जास्त झालं तर पीएच अकरा-बाराच्या घरात जातो, आणि रोज ते हाताळणाऱ्या बाईची कातडी सोलवटते. पीएच पट्टी ही साधी कागदाची पट्टी असते. शिबिराच्या किटमध्ये रंगाच्या चार पुड्या असतात, पीएच पट्टी नसते. यावरून त्या शिबिराला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं.

मिठाचंही ऐका. गिऱ्हाईक बाटली आडवी करून घट्टपणा बघतं, म्हणून मीठ घालतात. मिठाने लिक्विड घट्ट होतं, आणि एका मर्यादेपुढे घातलं की उलट पातळ होतं. साफ करण्याशी त्याचा काही संबंध नाही. फेसाचंही तसंच. आपण फेस आणि घट्टपणा विकत घेतो, म्हणून बनवणारीही तेच बनवते. दोष तिच्या एकटीचा नाही.

‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ हा तर या बाजाराचा सगळ्यात धोक्याचा अभिमान. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात. साबणात कसले जंतू, असं वाटेल. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फॅब्युलोसो या फरशी-क्लीनरच्या सुमारे ४९ लाख बाटल्या परत मागवाव्या लागल्या, कारण बनवताना प्रिझर्व्हेटिव्ह ठरल्या प्रमाणात पडलं नव्हतं आणि त्यात स्यूडोमोनास जंतू असण्याची भीती होती. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ‘द लाँड्रेस’च्या महागड्या क्लीनरांचे सुमारे ८० लाख नग अशाच जंतूंपायी परत घेतले गेले. धडधाकट माणसाला हे जंतू सहसा काही करत नाहीत. पण घरात केमोथेरपी घेणारी अम्मी असेल तर? तिचं ताट ज्या लिक्विडने घासलं त्यात लिंबाचा ताजा रस पिळला होता, म्हणून ते शुद्ध?

मग प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं तरी कोणतं? बऱ्याच ‘पाककृतीं’त फॉर्मेलिन असतं, कारण ते स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं. त्यातलं फॉर्मल्डिहाइड जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्यांत. ते घरात हाताळणंच चूक. जरा शिकलेले सर सोडियम बेंझोएट सांगतात. खाण्यातही चालणारा पदार्थ, ऐकायला उत्तम. पण बेंझोएट आम्लारी द्रवातच काम करतं. पीएच ७ ला त्याचा शंभरातला एक भागही कामाचा राहत नाही. पीएच पाचच्या आसपास उतरवला तर साधारण सातवा हिस्सा कामाला येतो. तिथवर उतरायला सायट्रिक अॅसिड लागतं, आणि मोजायला पुन्हा तीच पट्टी, जी किटमध्ये नाही. परिणामी बेंझोएट आहे, पण नसल्यासारखं. तेल आणि कॉस्टिकचा खरा साबण असेल तर हा मार्गही बंद. त्याचा पीएच नऊच्या पुढे असतो. तो सायट्रिकने किंवा व्हिनेगरने खाली आणला की साबण फुटतो आणि तेलकट आम्ल वर तरंगतं. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात हा साबण फेसाऐवजी चिकट साका देतो. मराठवाड्यातल्या बायकांना हे सांगायची गरज नाही.

काही नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कोकामाइड डीईए फेस टिकवायला वापरतात. त्याच जागतिक संस्थेने त्याला ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या गटात टाकलंय, आणि कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपल्या इशाऱ्याच्या यादीत घेतलंय. त्याच्यावाचून अडत नाही. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह चिमूटभरही पुरतं, पण त्याची अॅलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ चं ‘वर्षाचं अॅलर्जन’ म्हणून त्याला निवडलं. २००४ मध्ये हाच ‘मान’ नारळापासून बनणाऱ्या, सौम्य म्हणून मिरवणाऱ्या सीएपीबीला मिळाला होता. तिथे संशयाचं बोट मुख्यतः तयार करताना मागे राहणाऱ्या अशुद्धींकडे होतं. एसएलईएसमध्येही तशीच डायऑक्सेनची अशुद्धी येऊ शकते. ती कारखान्यात काढून टाकता येते, आणि न्यूयॉर्क राज्याने घरगुती क्लीनरांसाठी तिची मर्यादा आता दहा लाखात एक भाग इतकी खाली आणली आहे. घरच्या पिंपात ती काढता येत नाही. म्हणून नुसतं नाव बघून भागत नाही, पुरवठादाराकडे त्या मालाचा तपासणी-कागद मागावा लागतो. सुट्या कॅनमधून, नाव-गाव नसलेला माल देणारा हा कागद देणार नाही. तिथून घ्यायचंच नाही, इतकं साधं आहे.

‘तुम्ही गरीब बायकांच्या पोटावर पाय देताय,’ असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. त्यांना धंदा करायचाय तर स्लरी आणि कॉस्टिक घरात आणायचं कारणच काय? आधीच शमवलेली एसएलईएसची पेस्ट मिळते. जोडीला सीएपीबी किंवा साखरेपासून बनणारे ग्लुकोसाइड मिळतात. ग्लुकोसाइड कॅनमध्ये फार अल्कधर्मी असतात, तेव्हा ते घातल्यावर पीएच उतरवावा लागतो. पीएच पाच-साडेपाच, त्या पीएचला चालणारं प्रिझर्व्हेटिव्ह, वास कमी किंवा नाहीच. लिंबाच्या वासातलं लिमोनीन हवेत जुनं झालं की अॅलर्जी आणतं, आणि वासाने एकही भांडं निघत नाही. लिटरमागे खर्च वाढेल. दुप्पट पैसे देऊन ‘नॅचरल’ घेणारं गिऱ्हाईक हा वाढीव खर्च देऊ शकतं.

आणि गरिबांचाच विचार करायचा तर बाटलीच्या दुसऱ्या टोकाला बघा. आपल्या घरी दिवसातून दोनदा भांडी घासली जातात. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या आपाचे हात चार-चार तास त्याच लिक्विडमध्ये असतात, आणि प्रत्येक घरी वेगळी बाटली. जर्मनीत दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहणारं काम त्वचेला धोक्याचं मानून मालकावर काळजीची जबाबदारी टाकलेली आहे. आपल्याकडे तिचे हात फाटले की ‘तिला साबण बाधतो’ म्हणतात आणि दुसरी बाई शोधतात. रमजानमध्ये इफ्तारीनंतरचा ढीग तीच उपसते, बहुधा स्वतः रोजा धरून.

कायद्याचं म्हणाल तर चेहऱ्याच्या क्रीमवर घटकांची यादी छापावी लागते, कारण ते सौंदर्यप्रसाधन. भांड्याच्या लिक्विडला तो नियम लागू नाही. युरोपात डिटर्जंटवर घटक जाहीर करावे लागतात, कॅलिफोर्नियात २०२१ पासून लेबलवरही. आपल्याकडे हा नियम येईल तेव्हा येईल. तोवर घटकांची यादी स्वतःहून छापायला कुठल्याही बचत गटाला कुणाची परवानगी लागत नाही. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत हिरवं, लिंबाच्या वासाचं लिक्विड भरून विकणं आजच बंद करायलाही लागत नाही. चार वर्षांचं मूल त्याला सरबतच समजणार.

रमजानच्या तोंडावर स्टॉल लागतील. बाटली उचलाल तेव्हा बाजीला तीन गोष्टी विचारा : पीएच किती, प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं, आणि माल कुणाकडून घेतला. तिला सांगता आलं नाही तर तिच्यावर चिडू नका. तिला शिकवलेल्या सरांचा नंबर घ्या आणि हेच तीन प्रश्न त्यांना विचारा.