टोस्टरवरचा शिक्का आणि करपलेला पाव

घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने २०२४ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि २०२५ मध्ये तो सुधारित स्वरूपात पुन्हा जारी केला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत उद्योगांच्या आग्रहाखातर पुढे ढकलली गेली, लघुउद्योगांना अधिक अवधी मिळाला. पण आदेशाची दिशा स्पष्ट आहे. यापुढे स्वयंपाकघरातील बहुतेक विद्युत उपकरणे, मग ती देशात बनलेली असोत वा आयात केलेली, भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणचिन्हाशिवाय विकता येणार नाहीत. टोस्टर हे त्यातलेच एक छोटे उपकरण. त्यावर आता शिक्का येईल. त्या शिक्क्याने ग्राहकाला नेमके काय मिळेल, हा प्रश्न मात्र फारसा चर्चिला गेलेला नाही.

टोस्टर विकत घेणाऱ्याची अपेक्षा साधी असते. पावाच्या दोन्ही बाजू सारख्या रंगाच्या व्हाव्यात, कडा करपू नयेत, मधला भाग पांढरा राहू नये आणि आज ज्या खुणेवर जसा पाव भाजला तसाच तो उद्याही भाजला जावा. दीड-दोन हजार रुपये मोजूनही ही अपेक्षा पुरी होत नाही, असा अनुभव घरोघरी आहे. आदेशाच्या नावात ‘गुणवत्ता’ हा शब्द असला, तरी त्याचा आशय सुरक्षेचा आहे. विजेचा धक्का बसू नये, आग लागू नये, वायरचे आवरण वितळू नये, एवढेच तो पाहतो. पाव कसा भाजला गेला, याच्याशी त्याचे देणेघेणे नाही.

सुरक्षेची ही तपासणी क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. टोस्टरच्या फटीत बोटभर अंतरावर वीजप्रवाह असलेली उघडी तार असते. अडकलेला तुकडा सुरीने काढण्याची सवय अनेक घरांत आहे. घरातल्या जोडणीत फेज आणि न्यूट्रल उलटे झाले असतील, तर भिंतीवरचे बटण बंद असतानाही ती तार जिवंत राहू शकते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत अर्थिंगकडे झालेले दुर्लक्ष महागात पडते. म्हणून शिक्का हवाच. तक्रार एवढीच आहे, की शिक्का पाहून ग्राहक ज्याची खात्री बाळगतो आणि शिक्का प्रत्यक्षात ज्याची खात्री देतो, त्या दोन गोष्टी एक नाहीत.

पाव एकसारखा भाजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये या मिश्रधातूचे पेटंट मिळवले आणि लालबुंद होऊनही न जळणारी तार उपलब्ध झाली, म्हणून विजेचा टोस्टर शक्य झाला. या तारेची उष्णता मुख्यतः प्रारणाने पावापर्यंत पोचते. पावाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. पाणी उडाले की तापमान झपाट्याने चढते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे साखर व प्रथिने यांच्यातील ती रासायनिक प्रक्रिया वेग घेते, जिच्यामुळे तांबूस रंग आणि खमंग वास येतो. गडद झालेला भाग आणखी उष्णता शोषतो, त्यामुळे तो अधिकच वेगाने गडद होतो. सोनेरी आणि काळा यांच्यात काही सेकंदांचेच अंतर उरते. तारेचे वेढे कुठे दाट, कुठे विरळ झाले असतील, पाव एका अंगाला कलला असेल किंवा त्याची जाडी असमान असेल, तर सुरुवातीचा लहानसा फरक शेवटी ठळक डाग होऊन दिसतो.

दुसरी अडचण वेळ मोजण्याची. आजच्या बहुतेक स्वस्त टोस्टरमधील फिरवायचे बटण तापमान मोजत नाही, रंग तर मुळीच नाही. ते फक्त सेकंद मोजते. पहिल्या खेपेला यंत्र थंड असते, दुसऱ्या खेपेला आतून तापलेले असते. सेकंद तेवढेच, पण उष्णता अधिक. म्हणून त्याच खुणेवर पहिला पाव फिका आणि तिसरा करपलेला निघतो. जुन्या पद्धतीच्या, दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या यंत्रांत याच्या उलट होत असे. पट्टी आधीच तापलेली असल्याने दुसरा पाव लवकर वर येई आणि कच्चा राही.

तिसरी अडचण गोव्यातील वाचकांच्या रोजच्या परिचयाची आहे. तारेतून निर्माण होणारी उष्णता विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०७ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घसरला, तर उष्णता १९ टक्क्यांनी कमी होते. दाब २५० व्होल्टपर्यंत चढला, तर ती सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. सेकंद मोजणाऱ्या यंत्राला या चढउताराची दाद नसते. पावसाळ्यात झाडाची फांदी वाहिनीवर पडून दाब घसरतो, रात्री उशिरा मागणी ओसरल्यावर तो चढतो. तालुक्याच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून दूर असलेल्या वाड्यावरचा टोस्टर आणि पणजीतल्या इमारतीतला टोस्टर एकाच कारखान्यातून आलेले असले, तरी त्यांचा पाव वेगळा भाजला जाईल. दोष यंत्राचा की वीजपुरवठ्याचा, हे ठरवण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नाही.

या अडचणींवर तोडगा निघूच शकत नाही, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील सनबीम कंपनीने १९४९ मध्ये टी-२० नावाचा टोस्टर बाजारात आणला. त्यात सेकंद मोजण्याऐवजी पावाच्या पृष्ठभागाकडून येणारी उष्णता धातूच्या पट्टीवर घेतली जाई. पाव ओला असो वा शिळा, पहिला असो वा चौथा, विशिष्ट तापमान गाठले की यंत्र आपोआप थांबे. इलेक्ट्रॉनिक चिप नसतानाच्या काळात हे साधले होते. पुढे ती रचना बंद पडली. घट्ट बांधणीचे, दुरुस्त करता येणारे यंत्र महाग पडते आणि दुकानाच्या फळीवर दोन यंत्रे शेजारी ठेवली असता रंग, चकाकी आणि किंमत एवढेच दिसते. जे दिसत नाही, त्याचे पैसे मोजायला ग्राहक तयार होत नाही आणि त्यासाठी खर्च करायला उत्पादक धजत नाही.

न दिसणारे गुण दृश्य करणे हेच मानकांचे आणि लेबलांचे काम असते. शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्रावरच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांनी भारतात ते करून दाखवले. तारे दिसू लागल्यावर दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील संभाषण बदलले. टोस्टरला तारे नाहीत आणि वीजवापराच्या दृष्टीने ते अगत्याचेही नाहीत, कारण आठशे वॅटचे यंत्र दिवसातून काही मिनिटेच चालते. त्याच्या बाबतीत अगत्याचा आहे तो भाजण्याचा सारखेपणा. तो मोजता येतो. आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाचे ‘आयईसी ६०४४२’ हे मानक टोस्टरची कामगिरी कशी मोजावी, हेच सांगते. म्हणजे पद्धत तयार आहे. तिचा निष्कर्ष खोक्यावर छापण्याची सक्ती नाही.

गुणवत्ता नियंत्रण आदेशांवर उद्योगजगताचा आक्षेप असा, की प्रमाणपत्राचा खर्च लहान उत्पादकांना झेपत नाही आणि आयात अडून किमती चढतात. हा आक्षेप पूर्णपणे पोकळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्यांच्या कच्च्या मालावरचे असे काही आदेश मागेही घेतले. त्यामुळे कामगिरीची आणखी एक सक्तीची परीक्षा लादा, अशी मागणी केल्यास तिला विरोध होणार, हे उघड आहे. परंतु सक्तीची परीक्षा आणि सक्तीची माहिती यांत फरक आहे. कमी दर्जाचा टोस्टर विकायला बंदी न करता, २०७, २३० आणि २५३ व्होल्टवर पहिला व तिसरा पाव कसा भाजला जातो, याची छायाचित्रे खोक्यावर छापण्याचे बंधन घालता येईल. त्यातून ज्याला स्वस्त हवे तो स्वस्त घेईल, पण डोळे उघडे ठेवून घेईल.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. टोस्टरची फट चौकोनी, कापीव ब्रेडच्या मापाची असते. अमेरिकेत १९२८ मध्ये कापलेला ब्रेड विक्रीला आला आणि त्या दशकात घरगुती झालेल्या, पाव आपोआप वर टाकणाऱ्या टोस्टरशी त्याची जोडी जमली. तेव्हापासून यंत्राने पावाला आपल्या मापात बसवले. पदेराच्या टोपलीतला पाव त्या मापात बसत नाही. उंड्याची गोलाई फटीत अडकते. कोंडा लावलेली पोयी आतून पोकळ असते, तिचा वरचा पापुद्रा फुगून तारेला टेकू शकतो. कांकणाचा तर प्रश्नच येत नाही. घरात टोस्टर आला की पाठोपाठ कापीव ब्रेडची पिशवी येते, आणि पहाटेच्या सायकलच्या भोंग्याला प्रतिसाद देणारे एक दार कमी होते. भट्टीवरचे मजूर, लाकूड आणि पीठ यांच्या वाढत्या खर्चाने पदेर आधीच मेटाकुटीला आले आहेत. पारंपरिक बेकऱ्या टिकवण्याच्या घोषणा अधूनमधून होतात. पण न्याहारीच्या मेजावर कोणते यंत्र आहे, यावरही पावाचे भवितव्य काही अंशी ठरते, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. उंडा आडवा कापून किंवा पोयी उघडून भाजायची, तर जाड बुडाचा तवा किंवा वरखाली तार असलेली छोटी भट्टी अधिक भरवशाची ठरते.

टोस्टर बिघडल्यावर काय, हा शेवटचा मुद्दा. यात बिघडण्यासारखे फार थोडे असते: सांध्याशी तुटलेली तार, तुकड्यांनी अडलेली पट्टी, जळालेले विद्युतचुंबक. पूर्वी मडगाव, म्हापसा, फोंडा किंवा बेळगावच्या बाजारातला कारागीर ते तासाभरात करून देई. आता अनेक यंत्रांचे कवच खिळे न लावता दाबून बसवलेले असते आणि सुटा भाग मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीचा अहवाल २०२५ मध्ये आला, पण त्याचा रोख प्रामुख्याने मोबाइलसारख्या वस्तूंवर आहे. ज्या वस्तूची किंमत कमी, तिच्या दुरुस्तीचा विचारही मागे पडतो. परिणामी किरकोळ दोषाचे यंत्र भंगारात जाते. लहान राज्यात कचरा टाकायला जागा किती अपुरी आहे, हे साळगाव आणि सोनसोडोच्या इतिहासाने पुरेसे शिकवले आहे.

दरम्यान, ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. हमीच्या मुदतीत एक बाजू करपवणारे यंत्र हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू ठरू शकते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार ग्राहक राहत असलेल्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. पुरावा म्हणून पावती, एकाच खुणेवर लागोपाठ भाजलेल्या तीन पावांची छायाचित्रे आणि शक्य असल्यास त्या वेळचा विद्युतदाब नोंदवून ठेवावा. खरेदी करतानाच दुकानदाराकडे यंत्र लावून दाखवण्याचा आग्रह धरावा. फटीत पाव घातल्यावर दोन्ही बाजूंच्या जाळ्या त्याला मधोमध धरतात का, तारेचे वेढे सारख्या अंतरावर आहेत का, तुकड्यांचा ट्रे सहज निघतो का आणि सुटे भाग राज्यात कुठे मिळतील, एवढे चार प्रश्न विचारणारा ग्राहक चकचकीत कवचाला सहसा फसत नाही.

मात्र प्रत्येक ग्राहकाने स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. मानक ब्युरोकडे प्रयोगशाळा आहेत, ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रारींची नोंद आहे, राज्याच्या वीज खात्याकडे दाबाची आकडेवारी आहे. ही तिन्ही माहिती एकत्र येऊन खोक्यावर चार ओळींत उतरली, तर नव्या आदेशाच्या नावातला ‘गुणवत्ता’ हा शब्द सार्थ होईल. आदेशाची पुढची दुरुस्ती होईल तेव्हा राज्य सरकारने आणि ग्राहक संघटनांनी नोंदवायची पहिली सूचना हीच असायला हवी.