आजीची पाच कार्डे

भंवरकुआं चौकात सायंकाळी उभे राहिले की अवघे इंदूर विद्यार्थीच आहे असे वाटू लागते. शिकवणी-वर्ग, खानावळी, वसतिगृहांच्या पाट्या आणि जागोजागी झेरॉक्स-टायपिंगची दुकाने. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात मी माझ्या चार वह्या टाइप करण्यास दिल्या. वह्यांत कादंबरी होती. होळकर संस्थानात चाकरीसाठी साताऱ्याकडून आलेल्या एका घराण्याची. म्हणजे बरीचशी आमचीच.

टाइप करणारा मुलगा हिंदीभाषक होता. कामाला चोख, परंतु त्याच्या हाताला ‘ळ’ची सवय नव्हती. सर्वत्र ‘ल’ उमटला. ‘काळ’चा ‘काल’ झाला आणि ‘मुळे’ची ‘मुले’ झाली! शिवाय मजकूर जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये होता. अशा फाँटमध्ये आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन बसतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर उरते ती निव्वळ गिचमीड. माझ्या भाच्याने प्रथम सारा मजकूर युनिकोडमध्ये आणला. तेथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर बदलत नाही.

“मावशी, ‘काल’चा ‘काळ’ एका बटणात करून देतो,” तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. ‘काल’ हाही आपलाच शब्द. सरसकट बदल केला असता तर ‘पाहुणे काल आले’ या साध्या वाक्यात पाहुण्यांऐवजी साक्षात काळच दारात उभा राहिला असता! एकेक शब्द पाहून दुरुस्त करण्यात पंधरा दिवस गेले. मात्र त्या पंधरा दिवसांत मी माझे लेखन प्रथमच परक्याच्या नजरेने वाचले, आणि ते विस्कळीत आहे हे मला मान्य करावे लागले.

तेव्हा भाच्याने ‘स्क्रिव्हनर’ नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. एका इंग्रज लेखकाने स्वतःची लेखनातील अडचण दूर करण्यासाठी ते तयार केले आणि २००७ साली ते प्रथम बाजारात आले. त्यात कादंबरी एकसंध लांबलचक मजकूर म्हणून राहत नाही. प्रत्येक प्रसंग स्वतंत्र ठेवता येतो, आणि डाव्या बाजूस त्यांची यादी दिसते. प्रत्येक प्रसंगाचे एक लहानसे कार्ड असते. त्यावर दोन ओळींत सारांश लिहावा आणि फळ्यावर टाचणीने लावावे तशी ती कार्डे पडद्यावर मांडावीत. कार्ड उचलून दुसरीकडे ठेवले की प्रसंगही तेथे जातो. दुरुस्तीपूर्वीची प्रत जपून ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे काटछाट करताना हात कापत नाही. अखेरीस सर्व प्रसंग जोडून सलग हस्तलिखित तयार होते.

माझी एकेचाळीस कार्डे झाली. ज्याचा प्रसंग, त्याचा रंग असे मी ठरविले. आजोबांना निळा, आजीला तांबडा. रंग भरून झाले आणि मी पडद्याकडे पाहतच राहिले. ही कादंबरी आजीची आहे, असे मी इतकी वर्षे सर्वांना सांगत आले होते. तांबडी कार्डे होती पाच. त्या पाचांतही आजी चार वेळा पानावर वाढीत होती आणि एकदा आजारी होती.

वाचकहो, हे मला कोणत्याही यंत्राने सांगितले नाही. त्याने केवळ मांडून दाखविले. परक्या मुलखात येऊन, परकी भाषा कानांवर पडत असता, घरात ‘ळ’ जिवंत ठेवला तो आजीने. आणि मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिले नव्हते. पुढचे वर्ष मी तिच्यासाठी लिहिण्यात घालविले. निळी बारा कार्डे काढून टाकली. काही काढताना वाईट वाटले. पण जुनी प्रत शाबूत होती.

१९२१ साली आपल्या इंदुरात जन्मलेल्या शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) ही कादंबरी-त्रयी लिहिली. पहिल्या पुस्तकापासून तिसऱ्यापर्यंत पंधरा वर्षे; आणि तेव्हा असली साधने कोठे होती? तेव्हा साधन नाही म्हणून कोणाचे लेखन अडत नाही, आणि साधन आहे म्हणून ते आपोआप होतही नाही.

तरीही ज्यांच्या कपाटात अशा वह्या पडून आहेत, त्यांना माझे दोन शब्द. टाइप करून घ्यावयाचे तर युनिकोडमध्येच करून घ्या, आणि पहिल्याच पानावर ‘ळ’ तपासा. एक प्रत संगणकाबाहेर, दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. आणि वह्या मात्र टाकू नका. माझ्या तिसऱ्या वहीच्या समासात आजीच्या हातची एक दुरुस्ती आहे. ती कोणत्याही कार्डावर उतरविता आली नाही.