रँक किती?

मागच्या सुट्टीत कन्नडला घरी गेलो होतो. टेनिसचा विषय निघाला, मी ऋतुजा भोसलेचं नाव घेतलं. काकांचा पहिला प्रश्न, "रँक किती?" म्हटलं, एकेरीत सर्वोत्तम अडीचशेच्या आसपास. "हॅ, मग काय उपयोग!"

अहो काका, अख्ख्या जगात अडीचशे! मी माझ्या ऑफिसात तरी अडीचशेवा असेन का, शंकाच आहे. तरी ऑनसाइटचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं कंपनी देते.

ऋतुजा श्रीरामपूरची, म्हणजे आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावची. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, पुढे आयटीएफच्या स्पर्धा. त्यातल्या सगळ्यात छोट्या स्पर्धेचं एकूण बक्षीस 15,000 डॉलर, तेही सगळ्यांत वाटून. विमान, कोच, रॅकेटचं गटिंग... बहुतेक खेळाडूंचा हा खर्च स्वतःच्या खिशातून.

30 सप्टेंबर 2023, हांगझोऊ एशियाड. रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीची फायनल. पहिला सेट 2-6 गेला, मग 6-3, 10-4. सुवर्ण! त्या दिवशी ती एकदम 'आपली मराठी मुलगी' झाली. त्याआधी कोणाची होती? बोर्ग, फेडरर आम्हाला तोंडपाठ, आणि हिचं नाव मलाही त्याच दिवशी कळलं. कबूल.

नुसत्या पदकाला टाळ्या वाजवणं म्हणजे रिलीजच्या दिवशी फक्त केक कापायला येणाऱ्या मॅनेजरसारखं झालं. पुण्यात आयटीएफच्या स्पर्धा होतात, मंडळी. एखाद्या दिवशी पहिल्या फेरीची मॅच बघायला जा. रँक न विचारता.