गॅस जातो कुठे?

"गॅस कमी झालाय साहेब, भरावा लागेल." उन्हाळा लागला की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि महिन्याभराने पुन्हा त्याच माणसाला फोन लावतो. माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर नाही. हे फक्त लक्षण आहे.

आमच्याकडे गेल्या मार्चमध्ये रंगकाम निघालं, म्हणून आईबाबांच्या खोलीतला एसी काढून पुन्हा बसवून घेतला. एप्रिलमध्ये तो नुसता वारा घालायला लागला. बाबा ७९ वर्षांचे, पुण्यातला एप्रिल, आणि रात्र रात्र झोप नाही. सहा आठवड्यांत दोनदा गॅस भरून झाला.

आता जरा विचार करा. एसीतला गॅस म्हणजे काही शेगडीचा सिलिंडर नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद तांब्याच्या नळीतून फिरत राहतो, आतली उष्णता घेतो, बाहेर टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ तो कुठूनतरी निसटतोय. एसी नुकताच काढून बसवला असेल, तर पहिला संशय जोडांवर. तिथे नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून नटाने आवळतात. ते नीट पसरलं नाही किंवा चिरलं, की गळती सुरू. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, त्यामुळे गळक्या जोडावर बरेचदा तेलकट डाग दिसतो.

तिसऱ्या माणसाने साबणाचा फेस लावला आणि दोन मिनिटांत बुडबुडे दाखवले. नळीचं तोंड कापून नवीन केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिलं, पंपाने नळीतली हवा आणि ओल खेचून काढली, आणि मग वजन करून गॅस भरला. किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं! सगळ्याला दोन तास लागले.

हे दोन तासच तर कळीचे आहेत. ही मुलं बरेचदा कामामागे पैसे घेतात, दिवसाला जमतील तितकी कामं उरकतात, पाचव्या मजल्याच्या छज्जावर दोरीशिवाय उभी राहतात. आपणही "शंभर कमी करा, लवकर आटपा" म्हणतो. मग पंप गाडीतच राहतो आणि थोडा गॅस सोडूनच नळीतली हवा 'बाहेर काढली' जाते. हल्लीच्या बऱ्याच एसींमधला आर-३२ हा वायू थोडासा ज्वलनशील असतो, हेही लक्षात असू द्या. मला वाटतं, पैसे जास्त द्यावेत, पण ते गळती शोधण्याचे द्यावेत.

अर्थात दोष दर वेळी गॅसचाच असतो असंही नाही. भिंती घासल्याची पांढरी धूळ जाळीवर बसली तरी खोली गार होत नाही. बाहेरचं युनिट कोनाड्यात कोंबलं, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. या दोन गोष्टी फोन करण्याआधी घरच्या घरी पाहता येतात.

नागपूरकर नातेवाईक कूलरच्या गारव्यात बसून हे वाचून हसतील. हसा बापडे! तुमची गळती निदान फरशीवर दिसते. आमची दिसत नाही, म्हणून विचारावी लागते. तेव्हा पुढच्या वेळी पाकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: "गळतंय कुठे, ते दाखवा."